‘ठो’ झालं, म्हणजे करंट आहे!

जुन्या गाड्या : प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या शेतावर वडिलांच्या काळातला महिंद्राचा पेट्रोलवर चालणारा एफसी-१५० ट्रक आहे. फार चालवत नाही, पण आवडीने सांभाळलाय. रखडत का होईना, सुरू व्हायचा. गेल्या महिन्यात इग्निशनचं सगळं काम एकदाच उरकून घेतलं. नवे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लग आणि प्लगच्या वायरी घातल्या. त्या दिवसापासून गाडी सुरूच होत नाही. सेल्फ जोरात फिरतो. दोन-चार वेळा गाडी पकडल्यासारखी करते, सगळी केबिन थरथरते, कार्ब्युरेटरमधून ‘ठो’ असा आवाज येतो आणि बंद पडते. एक मिस्त्री म्हणतात कॉइल बदला, दुसरे म्हणतात व्हॉल्व्ह गेलेत, हेड खोलावं लागेल. खर्चात पडण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं.
— एक वाचक, कराड

उत्तर : तूर्त कॉइल घेऊ नका, आणि हेडला तर पानाही लावू नका. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे.

काम करण्याआधी गाडी सुरू होत होती. म्हणजे व्हॉल्व्ह, पिस्टन, पेट्रोल पंप हे सगळं निदान काम भागण्यापुरतं ठीक होतं. प्लग बदलता बदलता नेमक्या त्याच दुपारी व्हॉल्व्ह गेले असं मानायचं तर फारच मोठा योगायोग लागेल. दुखणं नवं आहे, तर कारणही नवंच असणार. जिथे हात लागला, तिथेच आधी बघायचं.

तिथे काय बघायचं, तेही त्या ‘ठो’ने सांगितलंय. कार्ब्युरेटरमधून असा आवाज येतो तेव्हा तीन गोष्टी आपोआप सिद्ध होतात. पेट्रोल पोचतंय, प्लगला करंट येतोय आणि त्या ठिणगीत पेट्रोल पेटवण्याइतका दम आहे. कॉइल मेलेली असती तर आवाज झालाच नसता. ठिणगी आहे, पण ती भलत्या सिलिंडरमध्ये किंवा भलत्या वेळी पडतेय. त्यातही गाडी पकडल्यासारखी करते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे काही सिलिंडर बरोबर पेटतायत. माझा पहिला संशय दोन आणि तीन नंबरच्या वायरींवर आहे. त्यांची अदलाबदल झाली असावी.

पेट्रोलचा ट्रक?

कारण सांगण्याआधी इतर वाचकांसाठी थोडी ओळख. आपल्याकडे ट्रक म्हणजे डिझेल हे समीकरण इतकं पक्कं आहे की ट्रकला प्लग असतात हेच काहींना नवल वाटेल. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही. दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. एफसी-१५० मात्र जीपच्या घरातला. विलीज कंपनीने तो १९५६च्या अखेरीस अमेरिकेत आणला आणि साठच्या दशकात महिंद्राने तो इथे बनवायला घेतला. इंजिन जीपचंच आहे. ‘हरिकेन’ नावाचं, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. फरक बसण्याचा. जीपला पुढे बोनेट असतं. इथे केबिन पुढे सरकवून इंजिन दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली ठेवलंय. पुढे अनेकांनी पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्यामुळे मूळ इंजिनाचा ट्रक आता क्वचित दिसतो.

खाली जे आकडे देतोय ते या हरिकेन इंजिनाचे आहेत आणि जुन्या पेट्रोल जीपलाही लागू पडतात. दुसरी गाडी असेल तर आकडे तिच्या पुस्तकातून घ्यायचे. तपासण्याची पद्धत मात्र पॉइंटवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना एकच आहे.

ठिणगी पडते कशी

या पद्धतीचे जनक अमेरिकेचे चार्ल्स केटरिंग. १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत ती आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावरच पळाल्या. आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीने ती आणखी टिकवून धरली.

कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या वेटोळ्यातून बॅटरीचा ३-४ अँपिअर करंट जातो आणि पॉइंटमधून अर्थला मिळतो. डिस्ट्रिब्युटरचा दांडा फिरताना त्यावरचा कॅम पॉइंट उघडतो, हा करंट एकदम तुटतो आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात १५ ते २० हजार व्होल्टचा झटका तयार होतो. ठिणगी पडते ती पॉइंट *उघडताना*, मिटताना नव्हे. हे एक वाक्य ध्यानात राहिलं तरी पुढचं सगळं सोपं होतं.

पॉइंट उघडताना करंटने तिथेच उडी मारू नये, तो झटक्यात तुटावा, यासाठी कंडेन्सर. तयार झालेला झटका कॉइलच्या जाड वायरीतून कॅपच्या मध्यभागी येतो. तिथे कोळशाची छोटी कांडी असते, ती रोटरला टेकते आणि रोटर ज्या वायरीसमोर असेल त्या प्लगला करंट मिळतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक होतो. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असेल तर पॉइंट मिनिटाला ४००० वेळा उघडतात. एवढी ये-जा असलेल्या जागी अर्ध्या मिलिमीटरची चूकही महागात पडते.

दोन आणि तीन

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे आणि वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या काट्यांच्या *उलट* दिशेने फिरतो. गोची इथेच होते. बऱ्याच गाड्यांत रोटर काट्यांच्या दिशेने फिरतो. हाताला ती सवय असलेल्या माणसाने नवी कॅप बसवली, एक नंबर बरोबर लावला आणि पुढे १-३-४-२ काट्यांच्या दिशेने वायरी खोचत गेला, तर फिरणाऱ्या रोटरला त्या १-२-४-३ अशा भेटतात. एक आणि चार जागेवरच आहेत. दोन आणि तीन मात्र एकमेकांच्या घरात गेले.

आता इंजिनात काय होतं ते पाहा. दोन आणि तीन नंबरचे पिस्टन जोडीने वर येतात. तीनमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जात असतं, तिथे ठिणगी हवी. त्याच क्षणी दोन नंबरचा पिस्टन जळका धूर बाहेर ढकलून संपवत आलेला असतो आणि त्याचा इनलेट व्हॉल्व्ह नुकता उघडू लागलेला असतो. ठिणगी पडते ती दोनमध्ये. उघड्या व्हॉल्व्हमधून ज्वाळा मॅनिफोल्डमधल्या मिश्रणाला लागते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडून ‘ठो’ होतं. एक आणि चार बिचारे आपलं काम करत असतात म्हणून गाडी पकडल्यासारखी करते, पण चारातले दोन विरोधात गेल्यावर ती थरथरून बंद पडणारच. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

झटपट खात्री करायची असेल तर प्लग काढून शेजारी शेजारी मांडा. एक आणि चारची टोकं तुलनेने कोरडी, दोन आणि तीनची पेट्रोलने ओली निघाली, तर संशयाला बळ मिळालं.

खात्री कशी करायची

कॅपवर आधी एक नंबर कुठे होता, हे कुणाच्या आठवणीवर सोडू नका. इंजिनालाच विचारा.

बॅटरीची अर्थ वायर सोडा, चारही प्लग काढा. प्लग नसले की इंजिन हलकं फिरतं. फॅनचा पट्टा दाबून धरून पंखा फिरवलात तरी चालतं, नाहीतर गाडी टॉप गिअरला टाकून सपाटीवर कुणाला तरी हळूहळू ढकलायला सांगा. रेडिएटरच्या बाजूचं सिलिंडर म्हणजे एक नंबर. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाब देत आणि एकदा धूर ढकलत. हवा अंगठ्याला जोराने उडवू पाहते ती दाबाची खेप, आपल्याला तीच हवी. या इंजिनात झाकण काढून व्हॉल्व्ह बघण्यावर फार विसंबू नका, कारण इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहे; वरून निम्माच कारभार दिसतो. अंगठा खोटं बोलत नाही.

दाब जाणवला की टायमिंगची खूण ५ अंशांवर आणा. म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचायला अजून ५ अंश बाकी. आता कॅप उचलून बघा, रोटरचं पितळी टोक कुठे आहे. कॅप परत ठेवली तर ते ज्या खोबणीसमोर येतं, ती एक नंबरची. तिथून काट्यांच्या उलट दिशेने मोजत जा, तीन, चार, दोन. प्रत्येक वायर बोटाने धरून प्लगपर्यंत चाचपत न्या. नुसत्या नजरेने वायरी मोजल्या की चूक होते, खासकरून नव्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या असतात तेव्हा.

रोटर कुठल्या दिशेने फिरतो याबद्दल वाद झाला, तर कॅप काढून रोटर बोटांनी हलकेच पिळा. फिरण्याच्या दिशेने तो थोडासा जातो आणि स्प्रिंगच्या जोराने परत येतो; उलट दिशेला हलतच नाही.

समजा रोटर एक नंबरऐवजी सध्या चार नंबरची वायर असलेल्या खोबणीकडे बघतोय. मग टायमिंग पुरतं उलटं बसलंय. अशा वेळी चारही सिलिंडरांत ठिणगी भलत्या खेपेला पडते. गाडी पकडतच नाही, नुसती ठो-ठो करते. त्यासाठी काही खोलावं लागत नाही, चारही वायरी दोन-दोन घरं पुढे सरकवल्या की झालं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याची जीभ ऑइल पंपाच्या दांड्यातल्या खाचेत बसते आणि ती खाच मुद्दाम एका बाजूला ठेवलेली असते. म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून घातला तरी तो उलटा बसत नाही. ऑइल पंप उतरवला असेल तरच घोळ होऊ शकतो. तुमच्याकडे तो उतरवला का, हे मिस्त्रींना एकदा विचारून घ्या.

आधी गॅप, मग टायमिंग

वायरी बरोबर निघाल्या, तरी नवे पॉइंट घातल्यावर टायमिंग हलतंच. गॅप मोठी ठेवली तर पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते. गॅप लहान असेल तर उशिरा. म्हणून क्रम ठरलेला आहे. गॅप आधी, टायमिंग नंतर. आधी टायमिंग लावून मग गॅपला हात लावला, तर पहिली मेहनत वाया.

या इंजिनाला पॉइंटची गॅप २० थाउ, म्हणजे ०.५ मिलिमीटर. ती मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या नेमक्या टोकावर हवी. टोकाच्या अलीकडे-पलीकडे असताना लावलेली गॅप खोटी असते. फिलर गेजची पाती सरकताना हलकीशी घासली पाहिजे, अडकायला नको, सैलही नको. स्क्रू आवळताना पॉइंट हमखास सरकतात, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. कॅमवर ग्रीसचं बोट नुसतं फिरवा. जास्त लावलं की ते उडून पॉइंटवर बसतं. प्लगची गॅप ३० थाउ, साधारण ०.७५ मिलिमीटर. नवा प्लग खोक्यातून निघतो तेव्हा त्याची गॅप तुमच्या इंजिनाचीच असेल असं नाही.

टायमिंगसाठी महागडी यंत्रं नकोत. १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. कॉइलवरून जी बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जाते, त्या टोकाला एक वायर लावा, दुसरी अर्थला. बॅटरी जोडा, चावी ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की लागतो. एक नंबर दाबाच्या खेपेला, खूण ५ अंशांवर, असं इंजिन ठेवून डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करा. अख्खा डिस्ट्रिब्युटर आधी काट्यांच्या उलट दिशेने थोडा फिरवा म्हणजे बल्ब विझेल. मग अगदी सावकाश काट्यांच्या दिशेने आणा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा आणि बोल्ट आवळा. गाडी सुरू होण्यासाठी एवढं टायमिंग भरपूर झालं. काम झालं की चावी लगेच बंद करा. इंजिन बंद असताना चावी ऑन राहिली तर कॉइल तापते.

सेल्फ मारण्याआधी

महिनाभर तुम्ही सेल्फ मारताय, तेव्हा सिलिंडरमध्ये कच्चं पेट्रोल साचलेलं असणार. ओल्या प्लगवर चांगली ठिणगीही पडत नाही. मग वायरी बरोबर लावूनही गाडी सुरू होत नाही आणि माणूस बरोबर केलेलं पुन्हा बिघडवतो. म्हणून प्लग काढून पुसून उन्हात वाळवा. कॉइलची बारीक वायर सोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्लगशिवाय इंजिन काही सेकंद फिरवा आणि भोकातून वाफ निघून जाऊ द्या. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास भपकन आला तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या ट्रकात हे सगळं केबिनच्या आत चालतं, हे विसरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती झाकणाखाली आणि पायाशी साचते. दोन्ही दारं उघडी, एअर क्लीनर जागेवर आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी. ‘ठो’ होऊ शकतं अशा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी वाकून बघू नका आणि त्यात बाटलीने पेट्रोल तर ओतूच नका.

सेल्फ एका वेळी दहा-बारा सेकंदांच्या वर दाबू नका, मध्ये मिनिटभर थांबा. बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल, तर सेल्फ फिरतो पण कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही.

‘ठो’सुद्धा होत नसेल तर

हा भाग ज्यांची गाडी पॉइंट बदलल्यावर अगदी मुकी झाली आहे, त्यांच्यासाठी. तोच बल्ब तसाच कॉइलला लावा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बल्बकडे बघा.

*बल्ब लुकलुकतो.* पॉइंट काम करतायत. मग बिघाड त्याच्या पुढे आहे. रोटर घालायचाच राहिलाय का? हसू नका, हे होतं. कॅपमधली कोळशाची कांडी तुटली किंवा आत रुतली आहे का? नवा रोटर बुटका असून कांडीला टेकतच नाही का? कॉइलची जाड वायर तळापर्यंत बसली आहे का? आणि कंडेन्सर? तो नवा असला तरी त्याच्यावर भरवसा नको. खोक्यातूनच मेलेले कंडेन्सर निघतात. जुना टाकून दिला नसेल तर तोच परत लावून बघा. याहून स्वस्त चाचणी नाही.

*बल्ब लागलेलाच राहतो.* पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही करंट जात नाही. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो पुसायचा राहिला की बाहेरून सगळं चकाचक आणि आतून करंट बंद. स्पिरिटमध्ये भिजवलेली कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी पॉइंटमधून ओढून घ्या. दुसरी शक्यता प्लेटला अर्थ देणाऱ्या आखूड वायरीची. ती आवरणाच्या आत तुटते, त्यामुळे वरून धडधाकट दिसते.

*बल्ब लागतच नाही.* आधी कॉइलच्या दुसऱ्या, चावीकडून येणाऱ्या टोकाला बल्ब लावा. तिथेही अंधार असेल तर करंट कॉइलपर्यंत पोचतच नाही. चावी, फ्यूज, वायर बघा. तिथे उजेड असेल तर पॉइंट कायमचे अर्थ झालेत. याला बहुतेक वेळा एक छोटं फायबरचं वायसर कारण असतं. पॉइंटची स्प्रिंग आणि कंडेन्सरची वायर ज्या खुंटीवर आवळतात, तिथे ती दोन्ही एकमेकांना टेकली पाहिजेत पण डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला टेकता कामा नये. वायसरांचा क्रम चुकला, किंवा वायरीचं टोक वाकून भिंतीला लागलं, की ठिणगी गायब. पॉइंट काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढला असता तर हा प्रश्न पडला नसता. कॉइलचं आतलं वेटोळं तुटलं असेल तरीही बल्ब लागणार नाही. डिस्ट्रिब्युटरकडची वायर सोडून पुन्हा बघा. तरी अंधारच असेल, तर खुशाल कॉइलवर संशय घ्या.

मग कॉइल बदलायची केव्हा?

बल्ब लुकलुकतोय, कंडेन्सर चांगला आहे, तरी कॉइलच्या जाड वायरीतून येणारी ठिणगी पिवळट आणि बारीक आहे, तेव्हा. चांगली ठिणगी निळसर असते आणि चट्‌ असा आवाज करते. ही चाचणी सुक्या रबरी मुठीच्या पकडीने, वायरीचं टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरून आणि पेट्रोलपासून लांब करायची. गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाली की गुपचूप सुरू होते, हेही कॉइलचं ठरलेलं लक्षण. मीटर असेल तर १२ व्होल्टच्या साध्या कॉइलच्या दोन बारीक टोकांत ३ ते ४ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. दीड ओहम आला तर ती कॉइल बॅलास्टची आहे. तिला वेगळा रेझिस्टर लागतो. तो न लावता चालवली तर पॉइंट जळत राहतात.

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचं दुखणं उलटं आहे. चावी सेल्फवर दाबून धरली की इंजिन पेटतं आणि चावी सोडली की त्याच क्षणी बंद पडतं. कार्ब्युरेटर साफ केला, उपयोग नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कार्ब्युरेटरचा काही दोष नाही. बॅलास्ट असलेल्या गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला रेझिस्टर वगळून थेट बॅटरीचा करंट मिळतो, कारण तेव्हा बॅटरी आधीच दमलेली असते. चावी सोडली की तोच करंट रेझिस्टरमधून यायला लागतो. रेझिस्टर तुटला असेल, त्याची वायर सैल असेल किंवा चावीच्या ‘ऑन’च्या घरात कॉन्टॅक्ट झिजला असेल, तर सोडताक्षणी अंधार. चावी ऑन ठेवून बल्बने आधी रेझिस्टरच्या अलीकडे आणि मग पलीकडे करंट बघा. जिथे बल्ब विझतो तिथे बिघाड. बॅटरीतून कॉइलला थेट वायर टाकून काम भागवू नका. गाडी सुरू होईल, पण चावीने बंद होणार नाही.

प्रश्न : पॉइंटची कटकट नको म्हणून जुन्या जीपला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रोज चालवत असाल तर जरूर. झिजायला पॉइंटची टाचच नसते, त्यामुळे टायमिंग हलत नाही. पण तीन अटी. मॉड्युलला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत, बॅलास्टमागून दिलेला करंट त्याला पुरत नाही. बॅटरीची टोकं उलटी लावलीत की ते जळतं. आणि ते बंद पडलं तर घाटात उभं राहून दुरुस्त होत नाही. म्हणून चालू अवस्थेतले जुने पॉइंट, कंडेन्सर आणि फिलर गेज डिकीत असू द्या. गाडी महिन्यातून एकदाच बाहेर निघत असेल तर पॉइंटच बरे. त्यांना काय झालंय ते डोळ्यांना दिसतं.

प्रश्न : कोकणात आमची जुनी जीप पावसाळ्यात सकाळी अजिबात सुरू होत नाही, दुपारी आपोआप होते. काय बदलू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बदलण्याआधी पुसा. १५-२० हजार व्होल्टना ओलाव्याची वाट फार सोपी वाटते. प्लगपर्यंत जायच्या ऐवजी करंट कॅपच्या ओल्या भिंतीवरून पळून जातो. कॅप काढून आतून-बाहेरून सुक्या फडक्याने पुसा, वायरी आणि कॉइलचं डोकंही पुसा. मग कॅपच्या आतली भिंत उन्हात धरून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर तिथून करंट पळायची सवय लागली आहे. खरवडून भागणार नाही, कॅप बदला. वायरी फुटक्या आहेत का हे रात्री कळतं. अंधारात कुणाला तरी सेल्फ मारायला लावा. जिथून करंट गळतो तिथे निळ्या ठिणग्या दिसतात.

प्रश्न : हे सगळं मला स्वतः जमणार नाही. मिस्त्रींना नेमकं काय सांगू?
— आणखी काही वाचक

उत्तर : ‘कॉइल बदला’, ‘पॉइंट बघा’ असं सांगू नका. गाडी काय करते ते सांगा. सेल्फ फिरतो का, पकडते का, आवाज कार्ब्युरेटरमधून येतो की सायलेन्सरमधून, थंड असताना होतं की तापल्यावर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं काम काय झालं होतं. सुट्या भागाचं नाव सांगितलंत तर मिस्त्री तो भाग बदलून देतात आणि त्यात त्यांची चूक नाही, तुम्हीच तो मागितला होता. लक्षण सांगितलंत तर त्यांना निदान करावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि प्रत्येक बदलानंतर सेल्फ मारून बघा. सहा वस्तू एकदम बदलल्या की चूक कुठे झाली ते शोधायला सहा जागा होतात. आणि काढलेले जुने भाग मागून घ्या. त्यांच्यावर गाडी चालत होती, नव्यांचं ते अजून सिद्ध व्हायचंय.